दोन जिवांची चाल

पोटात बाळ असताना बाईने किती हालचाल करावी, याबद्दल ज्याच्या त्याच्याकडे मत असतं. घरच्यांकडे असतं, ऑफिसातल्या लोकांकडे असतं, लिफ्टमध्ये दोन मजले सोबत आलेल्या अनोळखी बाईकडेही असतं. माझ्या वेळी ही मतं दोन टोकांना होती. एका टोकाला माझी मावशी. "आता निवांत बसायचं. जिने चढायचे नाहीत, वाकायचं नाही, आणि जड उचलायचं तर नावच काढायचं नाही." दुसऱ्या टोकाला फोनमधल्या बायका होत्या. आठव्या महिन्यात वजनं उचलणाऱ्या, नवव्यात धावणाऱ्या, 'तुम्हालाही जमेल' असं सांगणाऱ्या. मावशीच्या बोलण्यात माया होती आणि त्या बायकांच्या बोलण्यात उमेद. पण कारण कुणीच सांगत नव्हतं. वाकायचं नाही ते का, आणि धावायचं ते तरी का?

मला चालायला आणि पोहायला लहानपणापासून आवडतं. त्यामुळे दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ हाच प्रश्न मनात आला. मी बरंच वाचलं, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दोन बाळंतपणं झाल्यावर आता माझं मत पक्कं झालं आहे. काय करावं आणि काय टाळावं याच्या याद्या पाठ करून बाईचं भागत नाही. प्रत्येक सूचनेमागचं कारण तिला कळायला हवं. यादीत नसलेला प्रसंग रोज समोर येतो, आणि कारण ठाऊक असलं की त्या वेळी काय करायचं ते तिचं तिला ठरवता येतं.

मावशीला मी कधी चुकीचं ठरवलं नाही. तिच्या काळात डॉक्टरही जपूनच बोलत. 1985 साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने सांगितलं होतं, की व्यायाम करताना गरोदर बाईच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 140च्या वर जाऊ नयेत आणि जोराचा व्यायाम एका वेळी 15 मिनिटांहून जास्त होऊ नये. हा आकडा सावधगिरीतून आला होता. हाताशी पुरावा कमी होता, आणि पोटातल्या जिवाचा प्रश्न असला की माणूस हात राखूनच सल्ला देणार. 1994 साली त्याच संस्थेने ठोक्यांची मर्यादा काढून टाकली. 2002 साली तिने सांगितलं, की वैद्यकीय अडचण नसेल तर आठवड्यातल्या बहुतेक दिवशी अर्धा तास मध्यम व्यायाम करावा. 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी वेगळी शिफारस केली: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, आणि जोडीला स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम. एका पिढीच्या अंतरात सल्ल्याची दिशा बदलली. पूर्वी व्यायामाला कारण लागायचं, आता सक्तीच्या विश्रांतीला लागतं.

140चा आकडा का टिकला नाही, हे समजून घेताना मला शरीराचं खरंच नवल वाटलं. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. नुसतं बसलं असतानाही हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा मिनिटाला 10 ते 20 जास्त पडतात. शिवाय काही जणींच्या बाबतीत कष्ट वाढले तरी ठोके पूर्वीच्या प्रमाणात चढत नाहीत. म्हणजे एकीच्या बाबतीत हा आकडा साध्या चालण्यातच गाठला जाईल, आणि दुसरीच्या बाबतीत ती चांगलीच दमली तरी गाठला जाणार नाही. मनगटावरच्या घड्याळाला यातलं काही कळत नाही.

म्हणून आता बोलण्याची कसोटी वापरतात. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणण्याइतका श्वास उरता कामा नये. तो मध्यम व्यायाम. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की वेग जास्त झाला. मी संध्याकाळी चालायला बाहेर पडले की ताईला फोन लावायचे. कानात तिचा आवाज, तिच्या मुलांच्या तक्रारी, आणि मध्येच ती म्हणायची, "अगं, तू शब्दाशब्दाला श्वास घेतेयस, जरा हळू चाल." मला जे जाणवलेलं नसे ते तिला फोनवर ऐकू यायचं. मी वेग कमी करायचे आणि दोन मिनिटांत आमचं बोलणं पुन्हा सुरळीत व्हायचं. ज्यांना आकड्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी केलेली मोजपट्टी आहे. ती 6पासून 20पर्यंत जाते. आपल्याला किती कष्ट पडताहेत ते आपणच तिच्यावर सांगायचं. गरोदरपणात 13-14च्या आसपास, म्हणजे 'जरा कष्ट पडताहेत' इथे थांबावं असं सांगतात.

धाप लागण्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण त्याने फार घाबरायला होतं. पोट दिसायलाही लागलेलं नसतं आणि एक जिना चढून बाई धापा टाकते. हा अशक्तपणाच असतो असं नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो, दर मिनिटाला आत येणारी हवा वाढते, आणि आपण श्वास घेतोय हेच जास्त जाणवायला लागतं. चढताना धाप लागली आणि थांबल्यावर उतरली तर काळजी नको. व्यायाम सुरू करण्याआधीच, बसल्या जागी धाप लागली असेल तर मात्र त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना फोन करायचा.

सगळ्यात जास्त भीती पहिल्या तीन महिन्यांत असते. त्या दिवसांत उलट्या आणि थकवा इतका असतो की पुष्कळ जणींना व्यायाम सुचतच नाही, आणि तसं असेल तर पडून राहण्यात काही वावगं नाही. पण ज्यांना बरं वाटत असतं त्यासुद्धा पाऊल मोजून टाकतात, कारण मनात एकच धास्ती असते: आपल्या हालचालीने बाळ गेलं तर? माझ्या एका मैत्रिणीचं बाळ दुसऱ्या महिन्यात गेलं. आदल्या दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून ती जिना चढून गेली होती. त्यानंतर कितीतरी महिने ती त्या जिन्याला आणि स्वतःला दोष देत राहिली, आणि भोवतालच्या कुणीही तिला थांबवलं नाही. 'एवढे मजले चढायला नको होते' असं म्हणणारेही भेटले. तिला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं, की सुरुवातीच्या काळात होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. मध्यम व्यायामाने गर्भपाताचा धोका वाढल्याचं अभ्यासांत आढळलेलं नाही, मग साध्या जिन्याची काय कथा. हे वाक्य मी भेटेल त्या गरोदर बाईला सांगते, तिने विचारलं नसलं तरी.

पहिल्या महिन्यांत खरोखर जपायचं असतं ते उष्णतेपासून. गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटते. त्या काळात आईच्या शरीराचं आतलं तापमान बराच वेळ 39 अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर त्या नळीत दोष राहण्याची शक्यता वाढते. म्हणून तापवलेल्या खोलीतली योगासनं, सॉना, गरम पाण्याचे टब हे सगळं बंद. साध्या चालण्याने किंवा पोहण्याने शरीर एवढं तापत नाही. गरोदरपणात घामही लवकर येतो आणि शरीर उष्णता बाहेर टाकायला तत्पर असतं. तरीही उन्हाची वेळ टाळणं, सैल कपडे घालणं आणि पाणी पीत राहणं हे नऊही महिने सांभाळायचं. कारण कळलं की बारीकसारीक गोष्टी आपोआप सुचतात. खोली कोंदट असेल तर त्या दिवशी व्यायाम हलका करायचा, हे मला कुठल्या यादीत वाचावं लागलं नाही.

मधली तिमाही बहुतेकींना बरी जाते. उलट्या थांबतात, अंगात उत्साह येतो, आणि सवय लावायची असेल तर हीच वेळ. ज्यांनी आधी कधी व्यायाम केलेला नाही त्यांनीही आता सुरू करायला हरकत नसते. दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं वाढवत न्यावं. मात्र याच काळात शरीरात दोन बदल होतात, आणि पुढच्या बहुतेक सूचना त्यांच्यावर उभ्या आहेत.

पहिला बदल पाठीवर झोपण्याचा. साधारण पाचव्या महिन्यापासून गर्भाशय एवढं जड होतं की उताणं झोपल्यावर ते पाठीच्या कण्याशेजारून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेवर दाब देतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, रक्तदाब उतरतो, गरगरतं, मळमळतं. म्हणून या काळानंतर बराच वेळ उताणं पडून करायचे व्यायाम सोडायचे आणि तेच कुशीवर, बसून किंवा उभ्याने करायचे. रात्री जाग आली आणि आपण पाठीवर आहोत असं दिसलं तर घाबरू नये, कूस बदलावी आणि झोपावं. एकाच जागी फार वेळ स्थिर उभं राहिल्यानेही रक्त पायांत साठतं, त्यामुळे फार वेळ धरून ठेवायची उभी आसनं नकोत. हे दुसरं फारसं कुणी सांगत नाही. रांगेत उभं असताना गरोदर बाईला चक्कर का येते, त्याचंही उत्तर यातच आहे. अशा वेळी पाय हलवत राहावं, पोटऱ्या आवळून सोडाव्यात.

दुसरा बदल तोलाचा. पोट पुढे येतं, तसा शरीराचा भार पुढे सरकतो, कंबरेचा बाक वाढतो, आणि संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात. पूर्वी सहज घेतलेल्या गिरकीत आता पाय लटपटतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं. नंतर ते वर येतं आणि पोटावर बसलेला मार त्याला थेट लागू शकतो. म्हणून घोडेस्वारी, बर्फावरून घसरण्याचे खेळ, धक्काबुक्कीचे खेळ नकोत. सायकल आवडत असेल तर ती एका जागी बसवलेली असावी. स्कूबा डायव्हिंगला तर पहिल्या दिवसापासून नकार. खोल पाण्यातून वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊ शकतात. मोठ्या माणसात फुप्फुसं ते बरेचसे गाळून टाकतात, पण बाळाचं रक्त फुप्फुसांना बगल देऊन फिरत असतं, त्यामुळे त्याला ही सोय नसते. कारण एवढं स्पष्ट असलं की मनाईचा रागही येत नाही.

वाकण्याबद्दल आणि जड उचलण्याबद्दल मावशीशी माझं बोलणं झालं तेव्हा मी तिला गुडघ्यात वाकून दाखवलं. खुर्ची मागे ठेवायची, पाय खांद्यांहून थोडे रुंद, पाठ सरळ, बसण्याच्या बेताने खाली जायचं आणि खुर्चीला स्पर्श होताच श्वास सोडत उठायचं. पूर्वी भार कंबरेवर यायचा, आता तो मांड्यांवर येतो. श्वास सोडत उठणं महत्त्वाचं. श्वास रोखून जोर केला की पोटातला दाब वाढतो आणि रक्तदाब एकदम चढतो. हलकी वजनं, रबरी पट्ट्या, भिंतीला हात टेकून केलेले दंड हे सगळं श्वास न रोखता करता येतं, आणि पुढे बाळाला दिवसभर उचलायचं असतं तेव्हा या ताकदीचा फार उपयोग होतो. मावशी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे मलाही शिकव, माझे गुडघे दुखतात." तिच्याकडून यापेक्षा मोठी दाद मिळणं शक्य नव्हतं.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगायची आहे. ज्या बायका कामावर दिवसभर ओझी उचलतात, तासन्‌तास उभ्या असतात, त्यांना 'व्यायाम करा' असं सांगणं अन्यायाचं आहे. व्यायाम आपण आपल्या मर्जीने सुरू करतो आणि दमलो की थांबवतो. कष्टाचं काम थांबवता येत नाही. त्यांना बसायला मिळणं, मध्ये विश्रांती मिळणं, ओझं कमी करून मिळणं, हीच त्यांची गरज. डॉक्टरांना आपल्या कामाचं खरं स्वरूप सांगितलंच पाहिजे, आणि मालकाने ते ऐकलंच पाहिजे.

आता ज्या व्यायामाबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं त्याकडे येते. कटीच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांना ती खालून पेलते. नऊ महिने तिच्यावर वाढता भार असतो आणि प्रसूतीत ती कमालीची ताणली जाते. शिंकताना, हसताना लघवी निसटते ती तिची ताकद कमी पडल्यामुळे. 1948 साली आर्नल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी या स्नायूंना बळकटी देण्याच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून आजही त्याला केगल व्यायाम म्हणतात. करायचं ते इतकंच: वायू आणि लघवी दोन्ही रोखून धरताना जे आवळतो ते आवळायचं, आत आणि वर ओढून घ्यायचं, काही सेकंद धरायचं, आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. पोट, मांड्या, नितंब घट्ट होता कामा नयेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. सुरुवातीला मला काही कळायचंच नाही, आपण नक्की काय आवळतोय याचा पत्ता लागत नव्हता. फिजिओथेरपिस्टनी कुशीवर झोपवून, गुडघ्यांमध्ये उशी देऊन, श्वास सोडताना हलकेच आवळायला सांगितलं आणि तेव्हा कुठे ते स्नायू हाताला लागले. सैल सोडणंही तितकंच शिकायचं असतं, कारण प्रसूतीच्या वेळी त्यांना उघडायचं असतं. लघवी करताना मध्येच धार रोखून हा व्यायाम करू नये. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

पोटाच्या स्नायूंचंही असंच. पोट वाढतं तशी मधोमध असलेली उभी शिवण रुंदावते. उताण्यावरून सरळ उठून बसताना पोटाच्या मध्यावर उंचवटा आलेला दिसला, तर त्या शिवणीवर ताण येतोय असं समजायचं. मग उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम बंद, आणि अंथरुणातून उठायची पद्धतही बदलायची: आधी कुशीवर वळायचं, पाय कडेला खाली सोडायचे, हाताने रेटा देत बसायचं, क्षणभर थांबायचं, मग उभं राहायचं. दिवसातून किती वेळा आपण उठतो ते पाहिलं तर हा व्यायामाइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

पोहण्याबद्दल मी पक्षपाती आहे, ते आधीच सांगते. शेवटच्या महिन्यांत जमिनीवर प्रत्येक पाऊल जड असतं आणि पाण्यात शिरताच ते सगळं ओझं पाणी आपल्याकडे घेतं. पाण्याच्या दाबाने पायांची सूज उतरते, सांध्यांवर भार येत नाही, पडण्याची भीती राहत नाही. पाणी गरम नसावं आणि तलावाच्या कडेची फरशी निसरडी असते, तिथे कठडा धरून चालावं, एवढंच सांभाळायचं.

दुसऱ्या खेपेला माझी वार, म्हणजे बाळाला पोसणारा, गर्भाशयाला चिकटलेला भाग, खाली होती. सोनोग्राफीत ते कळलं तेव्हा डॉक्टरांनी जोराचं काही करायला मनाई केली, आणि मी विचारायच्या आधीच का ते सांगितलं. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जातो. वार तिथेच चिकटलेली असेल तर तिची कड सुटून रक्तस्राव होऊ शकतो. मी सगळं थांबवलं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. गर्भाशय वाढत गेलं तशी वार वर गेल्याचं पुढच्या सोनोग्राफीत दिसलं, असं पुष्कळदा होतं, आणि डॉक्टरांनी हळूहळू चालायला परवानगी दिली. अडचण होती तोवर मनाई होती, अडचण सरली आणि मनाईही उठली. सव्वीस-अठ्ठावीस आठवड्यांनंतरही वार गर्भाशयाचं तोंड अडवून असेल, गर्भाशयाचं तोंड सैल असेल किंवा त्याला टाका घातलेला असेल, अंगावरून सारखं रक्त जात असेल, गर्भजल सुटलं असेल, वेळेआधी कळा येण्याची लक्षणं असतील, प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणातला घातक रक्तदाब असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असेल, रक्त फारच कमी असेल, तर व्यायामाचा निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचा. जुळी असतील तरी आधी त्यांच्याशी बोलणं आलंच.

आणि सगळं ठीक असतानाही काही खुणा दिसल्या की त्या क्षणी थांबायचं: रक्त किंवा पाणी जाणं, पोटात नियमित अंतराने येणाऱ्या दुखऱ्या कळा, पोटात दुखणं, छातीत दुखणं, चक्कर, डोकेदुखी, तोल जाईल इतका पायांतला अशक्तपणा, एका पोटरीत दुखणं किंवा सूज. पोटरीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण गोळा आला असेल म्हणून सगळे ती चोळत बसतात. गरोदरपणात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढलेली असते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली तर चोळू नये, त्याच दिवशी दाखवावं. गुठळीची हीच शक्यता सततच्या अंथरुणामुळे आणखी वाढते, आणि म्हणूनच आता 'पूर्ण बेड रेस्ट' सरसकट सांगत नाहीत.

फोनमधल्या बायकांकडे परत यायला हवं, कारण त्यांच्यामुळे आलेलं दडपण मी अनेकींमध्ये पाहिलं आहे. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मलेशियाची नेमबाज नूर सूर्यानी आठव्या महिन्यात खेळली. 2024 साली पॅरिसमध्ये इजिप्तची तलवारबाज नादा हाफेझ सात महिन्यांची गरोदर होती. मला दोघींचा अभिमान वाटतो. पण वर्षानुवर्षं तयार झालेलं त्यांचं शरीर आपल्यासाठी माप होऊ शकत नाही. त्यांच्यासारख्यांनाही मर्यादा असतेच. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात सहा ऑलिंपिक दर्जाच्या गरोदर खेळाडूंना ट्रेडमिलवर पळवून पाहिलं. आईच्या हृदयाचे ठोके तिच्या कमाल मर्यादेच्या 90 टक्क्यांच्या वर गेले तेव्हा काही बाळांचे ठोके मंदावले. ती थांबल्यावर ते पूर्ववत झाले. मध्यम व्यायामात याच्या उलट होतं: बाळाचे ठोके मिनिटाला 10 ते 30ने वाढतात आणि मग खाली येतात. आईबरोबर तेही थोडं फिरून आलेलं असतं.

एवढं सगळं करून मिळतं काय? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र पाहणाऱ्या एका आढाव्यात दिसलं, की व्यायाम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये गरोदरपणातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि प्रीएक्लॅम्पसिया यांची शक्यता साधारण 40 टक्क्यांनी कमी होते. कंबरदुखी कमी त्रास देते, मन थोडं स्वस्थ राहतं. पण 'व्यायाम केलास की नॉर्मलच होणार' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बाळ आडवं असेल, वार खाली असेल, ठोके मंदावले असतील, तर आईने कितीही चाललं तरी सिझेरियन करावंच लागतं, आणि ते झालं म्हणून तिचं चालणं वाया गेलेलं नसतं. शस्त्रक्रियेतून उठून उभं राहायला तीच ताकद लागते.

बाळंतपणानंतर घाई नको. अडचण नसेल तर हलकं चालणं आणि तळाच्या स्नायूंचा व्यायाम पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतो, मी तो बाळाला पाजताना करायचे. पोहायला रक्तस्राव थांबून टाके भरून येईपर्यंत थांबायचं. पळण्याबद्दल ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी 2019 साली सुचवलं, की पहिले तीन महिने उड्या आणि धावणं नकोच. पुढेही चालताना ओटीपोटात जडपणा वाटला, काहीतरी खाली उतरल्याचा भास झाला, खोकताना लघवी निसटली, तर 'बाळंतपणानंतर असं व्हायचंच' म्हणून सोडून देऊ नये. यावर उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. बाळाच्या लशींच्या आणि वजनाच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात. आईच्या या तळाच्या स्नायूंची तपासणी त्या गडबडीत राहून जाते. डॉक्टरांनी स्वतःहून केली नाही तरी आपण ती मागून करून घ्यावी.